दाव्याची पोच घेतो, तशी रक्ताचीही घ्या

(होळीच्या आधी झालेल्या संघटनेच्या दोन दिवसांच्या शिबिरात, वनहक्क दाव्यांच्या चर्चेनंतर, आरोग्याचं काम बघणाऱ्या कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोललेलं तसंच ठेवलं आहे. ज्या पाड्यांना शिबिराला येता आलं नाही, तिथे संध्याकाळी एकत्र बसून हे वाचून दाखवावं. म्हाताऱ्यांना भिली-पावरीत समजावून सांगावं.)



सकाळपासून आपण दाव्यांचं बोलतो आहोत. कोणाचा दावा उपविभागात अडकला, कोणाची चार एकर कसलेली जमीन दीड एकर लावली, कोणाला पुरावा नाही म्हणून परत पाठवलं. आता जेवण झालं आणि ही बाई रक्ताचं बोलायला उभी राहिली. काही जण मनात म्हणत असतील, जमिनीच्या शिबिरात हे कशाला? म्हणून आधी जमिनीचंच सांगते.

२००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा पुरावा मागायला लागले. आपल्याकडे काय होतं? जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या होत्या. ज्या म्हाताऱ्यांनी त्या पावत्या घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, त्यांच्या पोरा-नातवांचे दावे भक्कम झाले. पावती ठेवली तेव्हा ती कधी कामाला येईल, हे त्या म्हाताऱ्याला कुठे माहीत होतं? पण वेळ आली तेव्हा कागद घरात होता. ज्यांचा गेला, ते आज साक्षीदार गोळा करत फिरतात.

आजाराचंही असंच आहे. आजार अंगावर आला की मग आपण झोळी बांधतो, डोंगर उतरतो, गाडी शोधतो. तोवर उशीर झालेला असतो. काही आजार असे आहेत की ते यायच्या आधी, अंगात दिसायच्या आधी, रक्तातून कळतात. आधी कळले तर पोर वाचतं. आज अशाच एका आजाराचं बोलायचं आहे. त्याला सिकलसेल म्हणतात. आपल्या सातपुड्यात, तिकडे मेळघाटात, गडचिरोलीत, शेजारी गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या भाऊबंदांत हा आजार आहे. भिल्ल, पावरा, मावची, तिकडे माडिया, गोंड, परधान, सगळ्यांत आहे. विदर्भात तर दलित आणि इतर समाजांतही आहे.

हे आहे तरी काय?

आपल्या रक्तात लाल पेशी असतात. डोळ्याला दिसत नाहीत इतक्या बारीक. चांगली पेशी भाकरीसारखी गोल आणि मऊ असते. बारीक नसेतूनही वाकून, दबून निघून जाते. ती अंगभर हवा पोचवते. सिकलसेलच्या माणसाची पेशी वेळप्रसंगी वाकडी आणि कडक होते, विळ्यासारखी. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव. वाकड्या पेशी बारीक नसेत अडकतात. ओढ्यात काटक्या अडकून पाणी तुंबतं, तसं रक्त तुंबतं. जिथे तुंबलं तिथे कळ येते. हाडात, छातीत, पोटात. आणि चांगली पेशी चार महिने टिकते, तिथे ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त कमी राहतं आणि डोळे पिवळे दिसतात.

आता सांगा, हे आपण कधी बघितलंच नाही का? बघितलं आहे. सहा-आठ महिन्यांचं बाळ, हाताचे-पायाचे पंजे सुजतात, रडून रडून निळं होतं. आपण म्हणतो, वारं लागलं. शाळेतला पोरगा, पावसात भिजला की गुडघे धरून बसतो. मास्तर म्हणतो, आळशी आहे. लग्न होऊन आलेली पोर, पाण्याचा हंडा घेऊन चढ चढली की धापा टाकते. सासू म्हणते, कामचुकार आहे. डोळे पिवळे दिसले की कावीळ म्हणून माळ घालतो. पोट फुगलं की बाळाच्या पोटावर डाग देतो. पोर आधीच कळांनी तळमळतंय, त्याला आपण वरून भाजतो.

सगळीच सूज आणि सगळीच कावीळ सिकलसेलची असते, असं मी म्हणत नाही. पण घरात हे परत परत होत असेल, तर रक्त तपासल्याशिवाय कोणी काही ठरवू नये, एवढंच म्हणते.

मका आणि तुरीचा हिशोब

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका गोधडीत झोपल्याने, शिवल्याने होत नाही. तो जन्मासोबत येतो. कसा येतो ते बघा. (इथे मक्याचे आणि तुरीचे दाणे जमिनीवर मांडून दाखवले. पाड्यावर वाचताना तसंच करावं.)

प्रत्येक माणसाजवळ या गोष्टीचे दोन दाणे असतात. एक आईने दिलेला, एक बापाने दिलेला. मक्याचा दाणा म्हणजे चांगला, तुरीचा दाणा म्हणजे सिकलचा असं समजा.

ज्याच्याजवळ दोन्ही मक्याचे, त्याला सिकलसेल नाही.

ज्याच्याजवळ एक मक्याचा, एक तुरीचा, त्याला वाहक म्हणतात. वाहक म्हणजे आजारी नाही. हे दोनदा सांगते, कारण इथेच सगळे घोटाळे होतात. वाहक माणूस आजारी नाही. तो नांगर धरतो, डोंगर चढतो, ढोल वाजवून रात्रभर नाचतो. त्याला औषध लागत नाही. त्याच्याजवळ फक्त एक दाणा आहे, तो पुढे पोराला जाऊ शकतो.

ज्याच्याजवळ दोन्ही तुरीचे, तो आजारी. त्यालाच औषधपाणी आणि सांभाळ लागतो.

आता नवरा वाहक आणि बायकोही वाहक असेल तर काय होईल? दोघंही एक-एक दाणा देणार. कोणता जाईल ते कोणाच्या हातात नाही. चार तऱ्हा होतात. मका-मका, मका-तूर, तूर-मका, तूर-तूर. म्हणजे चारात एक पोर आजारी व्हायचा संभव, चारात दोन वाहक, चारात एक अगदी मोकळं. आणि हा हिशोब दर बाळंतपणाला नव्याने सुरू होतो. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन चांगली निघतील, असं नाही. पहिली तीन चांगली निघाली म्हणून चौथं आजारीच निघेल, असंही नाही.

एकच वाहक असेल, दुसऱ्याजवळ दोन्ही मक्याचे असतील, तर त्यांच्या पोरांत आजारी कोणीच होणार नाही. काही वाहक होतील, बस.

आपल्या काही जमातींत शंभर माणसांत वीस-वीस, कुठे त्याहून जास्त वाहक सापडले आहेत. वीस धरून हिशोब करा. शंभर जोडप्यांत साधारण चार जोडपी अशी, की नवरा-बायको दोघंही वाहक. त्या चारांच्या घरात चारात एक पोर आजारी. म्हणजे शंभर बाळांमागे एक. एका पाड्यात फारसं दिसणार नाही. पण इथे बसलेली सगळी गावं एकत्र करा, मग किती पोरं होतात ते मोजा.

यात बाईचा दोष किती? जेवढा पुरुषाचा, तेवढाच. दोन तुरीचे दाणे एकट्या आईकडून येऊच शकत नाहीत. एक आईचा, एक बापाचा. म्हणून पोर आजारी निघालं म्हणून बाईला माहेरी धाडायचं, देज परत मागायचं, दुसरी करायची, हे संघटनेच्या गावात चालणार नाही. पंच बसले तर त्यांच्यापुढे हेच दाणे मांडा.

डाकीण नाही, मलेरिया

आणखी एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलते. एका घरात दोन पोरं गेली, तिसरं आजारी पडलं, की शोध सुरू होतो. कोणी केलं? कोणाची नजर लागली? आणि बोट कोणाकडे जातं? पाड्याच्या टोकाला राहणाऱ्या विधवेकडे. डाकीण ठरते. तिला मारतात, गावाबाहेर काढतात. आपण जमिनीच्या लढ्यातली माणसं आहोत, तर आपण एवढं तरी विचारावं की तिच्यामागे तिची जमीन कोण कसतो? बऱ्याच वेळा तिथेच उत्तर सापडतं.

एका घरात पोरामागे पोर आजारी का पडतं, याचं उत्तर दाण्यांच्या हिशोबात आहे. त्यासाठी कोणा बाईचा जीव घ्यायला नको.

मग हा दाणा आपल्यातच इतका का? आपण काही पाप केलं म्हणून नाही. याचं कारण मलेरिया आहे. आपले पूर्वज जंगलात, डासांच्या मुलखात राहिले. तिथे मलेरियाने लहान पोरं मरायची. ज्या पोराजवळ एक मक्याचा, एक तुरीचा दाणा होता, ते मलेरियाच्या जिवावरच्या तापातून जास्त वेळा वाचायचं. वाचलं, मोठं झालं, त्याला पोरं झाली, दाणा पुढे गेला. असं शेकडो वर्षं चाललं. आफ्रिकेत, अरबस्तानात जिथे जिथे मलेरिया होता, तिथल्या लोकांतही हे असंच आहे. म्हणजे हा दाणा आपल्या लोकांना वाचवायला आला होता. दोन एकत्र आले की मात्र जड जातो. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

पण कोणी असं समजू नका की वाहकाला मलेरिया होतच नाही. होतो. आणि दोन तुरीचे दाणे असलेल्या पोराला मलेरिया झाला तर त्याच्या जिवाला मोठा धोका. त्याच्या अंथरुणावर मच्छरदाणी पाहिजेच.

आधी कळलं तर काय फरक पडतो?

लोक मला विचारतात, बाई, हा आजार जन्माचा आहे, बरा होत नाही, मग तपासून करायचं काय? नुसता जिवाला घोर. हा प्रश्न बरोबर आहे. मोठ्या शहरांत हाडातला मगज बदलायची शस्त्रक्रिया होते, पण भावा-बहिणीचा मगज जुळावा लागतो, खर्च मोठा आहे, ती आज आपल्या आवाक्यात नाही. पण त्याच्या अलीकडे पुष्कळ काही आहे.

समुद्रापलीकडे जमैका नावाचं बेट आहे. तिथले लोक आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची पोरं-नातवंडं. उसाच्या मळ्यात राबवायलाच त्यांना आणलं होतं. त्यांच्यातही सिकलसेल आहे. तिथे किंग्स्टन शहरातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात १९७३ पासून १९८१ पर्यंत एक लाख बाळांचं रक्त जन्मताच तपासलं. ३१५ बाळं आजारी निघाली. त्यांच्यावर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. कळलं काय, की पोरं कळांनी मरत नाहीत. लहानपणी मरतात ती दोन गोष्टींनी जास्त. एक म्हणजे अंगात भिनणारा ताप, न्यूमोनिया. दुसरी म्हणजे प्लीहा.

प्लीहा पोटात डाव्या बाजूला, बरगडीखाली असते. या पोरांत कधी कधी अंगातलं रक्त एकदम प्लीहेत साठतं. पोर काही तासांत पांढरं पडतं, पोट डावीकडे टणक लागतं, आणि रक्त मिळालं नाही तर दगावतं. जमैकात डॉक्टरांनी आयांना शिकवलं. रोज पोराच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून बघायचं. प्लीहा हाताला लागली, कालच्यापेक्षा मोठी लागली, पोर फिकट दिसलं, की तडक दवाखाना. एवढ्यावर प्लीहेमुळे होणारी मरणं खूप कमी झाली. तिथल्या आया काही डॉक्टरीण नव्हत्या. पण आपलं पोर कोणतं आहे, हे त्यांना आधी माहीत होतं. तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही हात ठेवणार कुठे?

तापाचं ऐका. अमेरिकेत सिकलसेलच्या लहान पोरांना रोज दोन वेळा पेनिसिलीन देऊन बघितलं. १९८६ साली त्याचा निकाल आला. ज्यांना पेनिसिलीन मिळत होतं, त्यांच्यात तो जिवावरचा ताप शंभराच्या जागी सोळावर आला. इतका फरक दिसला की परीक्षा मधेच थांबवावी लागली. पेनिसिलीन काही नवं, महाग औषध नाही. पण ते द्यायचं असतं बाळ दोन-तीन महिन्यांचं असल्यापासून, पाच वर्षांपर्यंत. आणि आजाराची लक्षणं दिसायला लागतात सहाव्या महिन्याच्या पुढे, कारण तोवर बाळाच्या अंगात पोटातलं जुनं रक्त असतं, ते त्याला सांभाळतं. म्हणजे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच. म्हणून आधी तपासायचं.

मोठ्या माणसांसाठी हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे. १९९५ साली सिद्ध झालं की तिने कळांचे झटके जवळजवळ अर्धे होतात. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, मधून मधून रक्त तपासत घ्यावी लागते. दिवस राहायचे असतील किंवा राहिले असतील, तर डॉक्टरला आधी सांगावं लागतं.

आणि घरात करायच्या गोष्टी तर फुकट आहेत. भरपूर पाणी. गार वाऱ्यात, थंड पाण्यात फार वेळ नाही. दमेपर्यंत काम नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. सगळ्या लसी वेळेवर. लोखंडाची गोळी मात्र या आजारी माणसाने डॉक्टरला विचारूनच घ्यावी, कारण त्याचं रक्त लोखंड कमी पडल्यामुळेच कमी झालेलं असतं असं नाही. गरोदर बायांनी मात्र माझं हे अर्धं ऐकून आपल्या गोळ्या बंद करू नयेत, नर्सबाईला विचारावं.

कधी पळायचं

आजारी पोराच्या घरात हे तोंडपाठ पाहिजे. ताप आला, श्वास लागला किंवा छातीत दुखलं, पोर एकदम पांढरं पडलं, एक हात-पाय लुळा पडला किंवा तोंड वाकडं झालं, कळ घरच्या औषधाने थांबत नाही, अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. मोठ्या मुलांत आणखी एक होतं. लघवीची जागा ताठ होते आणि तासन्‌तास दुखत राहते. पोरं लाजून आईबापाला सांगत नाहीत. सांगा. तीही दवाखान्याची गोष्ट आहे.

भगतांना, बडव्यांना माझी हात जोडून विनंती आहे. लोक पहिले तुमच्याकडे येतात, रात्री-अपरात्री येतात, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. तुम्ही दाणे बघा, मंत्र म्हणा, मी अडवत नाही. पण डाग देऊ नका आणि पोराला थांबवून ठेवू नका. "आधी दवाखान्यात ने, मग माझ्याकडे ये," असं तुमच्या तोंडून निघालं तर ते आमच्या दहा शिबिरांच्या बरोबरीचं आहे.

तपासणी कशी होते, आणि कुठे अडते

तपासणी दोन पायऱ्यांची आहे, हे नीट लक्षात ठेवा. पहिली पायरी बोटातून एक थेंब रक्त. तो नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकतात. औषध गढूळ झालं, मागची रेघ दिसेनाशी झाली, तर रक्तात सिकल आहे. पण एक दाणा आहे की दोन, हे या तपासणीने कळत नाही. म्हणजे वाहक आहे की आजारी, हे कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ही तपासणी चालतच नाही, त्याचं रक्त सरळ मोठ्या तपासणीलाच पाठवावं लागतं.

ज्याचं गढूळ आलं त्याचं पुन्हा रक्त घेऊन दुसरी तपासणी करतात, तिला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. तिचा कागद येतो. त्यावर एए लिहिलं असेल तर मोकळा, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी. ही तीन अक्षरं शाळेतल्या पोरांनी घरी वाचून दाखवायची.

आणि इथेच आपलं अडतं. गाडी येते, शाळेत पोरांना रांगेत उभं करतात, बोटं टोचतात, वहीत नावं लिहितात, गाडी जाते. वरिष्ठांना आकडा मिळतो, एवढ्या आदिवासींची तपासणी झाली. आणि पोराच्या आईला काय मिळतं? काही नाही. एका पाड्यावर तर मला असं दिसलं की पोरीला "तुझ्यात सिकल आहे" एवढंच सांगितलं. दुसरा कागद आलाच नाही. घरच्यांनी दोन वर्षं तिला आजारी समजून शाळेतून काढून ठेवलं, सोयरीक मोडली. पुढे कागद मिळवला, तर त्यावर एएस. वाहक. पोर ठणठणीत होती.

अशी तपासणी न झालेली बरी. दावा दाखल केला तर आपण पोच घेतो की नाही? पोच नसेल तर साहेब म्हणतो, तुझा दावाच आला नाही. मग रक्त दिलं तर त्याचीही पोच घ्या. कोणत्या दिवशी, कोणी घेतलं, कागद कधी आणि कुठे मिळेल. सांगितलेल्या दिवशी कागद आला नाही तर गावाने मिळून विचारायला जायचं. मिळालेला कागद दाव्याच्या कागदांसोबत त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

पण एक फरक आहे. दाव्यांची यादी आपण ग्रामसभेत वाचतो. रक्ताची यादी वाचायची नाही. ती ज्याची त्याला, बंद पाकिटात किंवा घरी जाऊन. कोणाचा कागद कसा आहे, हे चावडीवर बोलायचं नाही. आणि आधी समजावल्याशिवाय, माणसाने हो म्हटल्याशिवाय कोणाचं बोट टोचायचं नाही. पोर असेल तर आईबापाला सांगून.

लग्नाचं पण बोलून टाकते. मुलगा-मुलगी जमवताना दोघांनी आधी तपासून घ्यावं. एक वाहक असेल तर लग्नाला काहीच अडचण नाही. दोघं वाहक असतील तर लग्न करूच नका, असं मी किंवा संघटना कोणाला सांगणार नाही. तो त्या दोघांचा निर्णय. पण त्यांना माहीत असावं. दिवस राहिले की सुरुवातीलाच दवाखान्यात सांगावं. मुंबईसारख्या ठिकाणी तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला पोटातल्या बाळाची तपासणी होते. ते कोणाला जमलं नाही, तर निदान बाळ जन्मल्यावर लगेच तपासता येतं, आणि पेनिसिलीन वेळेवर सुरू होतं.

उसाला जाण्याआधी

आपली अर्धी माणसं दिवाळीनंतर उसाला जातात. पहाटेची थंडी, दवात भिजलेला पाला, डोक्यावर मोळी, प्यायला पाणी कमी. या आजाराला जे नको, ते सगळं तिथे आहे. आजारी माणसाला शक्यतो त्या कामाला नेऊ नका. न्यावंच लागलं तर चार महिन्यांच्या गोळ्या आणि तपासणीचा कागद सोबत द्या. परमुलखात डॉक्टरला काहीच माहीत नसतं. तो एक सलाईन, दोन सुया लावतो आणि पैसे घेतो. कागद दाखवला तर त्याला तरी कळेल.

आणि सरकारला सांगायचं की तपासणी होळीला ठेवा. होळीला सगळे घरी असतात. तुम्ही पौषात रिकाम्या पाड्यावर गाडी आणता आणि लिहिता, "लोक सहकार्य करत नाहीत".

शेवटचं सांगते. हा आजार आपल्या रक्तातला आहे म्हणून सरकार हात झटकू शकत नाही. उपकेंद्राला कुलूप, हे काही आपल्या रक्तातून आलेलं नाही. पेनिसिलीन संपलं आहे, पाड्याला रस्ता नाही, हेही रक्तातलं नाही. आणि ही सवय एका सिकलसेलपुरती नाही. पोराचं वजन दर महिन्याला, गरोदर बाईचं रक्त तिसऱ्या महिन्यापासून, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी, ताप असेल तर मलेरियासाठी रक्त, हे सगळं आजार वाढायच्या आधी बघायचं. आपण जमीन कोणासाठी मागतो? ज्या पोरांच्या नावावर ती पुढे लागायची आहे, ती पोरं जगली पाहिजेत.

म्हणून शिबिरापुढे हे ठराव मांडते. तुमच्या तुमच्या ग्रामसभेत घ्या, सही-अंगठे करा, एक प्रत आरोग्य केंद्राला द्या, आणि पोच घ्या.

१. गावात सिकलसेलची तपासणी आधी समजावून, संमतीने आणि होळीच्या दिवसांत व्हावी.

२. ज्याचं पहिलं रक्त गढूळ आलं, त्याच्या दुसऱ्या तपासणीचा कागद ठरलेल्या मुदतीत त्याच्या हातात मिळावा. कोणाचंही नाव जाहीर करू नये.

३. आजारी पोरांसाठी पेनिसिलीन आणि फॉलिक अ‍ॅसिड आरोग्य केंद्रात बाराही महिने असावं. संपलं तर किती दिवसांत येईल, ते लेखी द्यावं.

४. उसाला जाणाऱ्या आजारी माणसाला निघण्याआधी हंगामभराचं औषध मिळावं.

५. सिकलसेलच्या कारणाने कोणी बायकोला टाकणार नाही, सोयरीक मोडणार नाही, कोणा बाईला डाकीण म्हणणार नाही. म्हटलं तर गाव त्या बाईच्या बाजूने उभं राहील.

६. प्रत्येक पाड्यातून एक बाई आणि एक पुरुष प्लीहा बघायला आणि धोक्याची लक्षणं ओळखायला शिकतील.

कोणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. सगळ्यांसमोर विचारायला जड वाटत असेल तर बाजारच्या दिवशी संघटनेच्या खोलीवर या. मी तिथे असते.

जिंदाबाद!

(भाषणानंतर सहाही ठराव हात वर करून मंजूर झाले. सहावा ठराव चालवण्यासाठी प्रत्येक पाड्याने दोन नावं पुढच्या बैठकीच्या आत कळवावीत.)